काशिदच्या पाठीमागचं रान

शुक्रवार

रेवदंड्याचा पूल ओलांडला की मुरूडची एस.टी. समुद्राच्या इतकी कडेनं जाते की सगळे उजव्या खिडक्यांकडे झुकतात. खाली कुंडलिकेची खाडी, पलीकडे कोर्लईच्या किल्ल्याचा पाण्यात घुसलेला डोंगर, मग बोर्ली, मग काशिद. आम्ही दोघी बहिणी मात्र डावीकडे बसलो होतो. ताईनं गेटवेवरून लाँचमध्ये चढतानाच बजावलं होतं, "समुद्र परत येताना बघ. जाताना डोंगर बघायचा."

ताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. फणसाडच्या अभयारण्यात मला एकदा घेऊन जायचं असं ती बरीच वर्षं म्हणत होती आणि या जानेवारीत तो योग आला. डाव्या खिडकीतून आधी दिसली ती भाताची कापलेली खाचरं. त्यातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला, शेंगा धरलेल्या. खाचरांच्या मागे डोंगराची रांग, पायथ्यापासून माथ्यापर्यंत गर्द. उंची फार नाही, त्यामुळे नजर त्याच्यावरून सहज घसरते. या रस्त्यावरून मी लहानपणापासून गेले आहे, पण त्या डोंगरात काय आहे हे कधी कुणाला विचारलं नव्हतं.

काशिदला निम्मी गाडी रिकामी झाली. सुरूच्या बनात टपऱ्या, घोडागाड्या, वाळूवर चालणाऱ्या मोटारी. आम्ही पुढे उतरलो आणि एका मिनिडोरमध्ये बसून सुपेगावकडे वळलो. हमरस्ता सोडला तशी दुपारच्या उन्हातही हवा बदलली. खारटपणा गेला आणि वाळक्या पाल्याचा वास आला.

हे सगळं रान एके काळी जंजिरा संस्थानचं. केसोलीचं जंगल म्हणायचे त्याला. सिद्दी नवाबांची राखीव शिकारगाह, म्हणून बाहेरच्या माणसाला तिथे कुऱ्हाड चालवायची मुभा नव्हती. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं. पुढे १९८६ साली मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं हे रान अभयारण्य म्हणून जाहीर झालं, सुमारे ५४ चौरस किलोमीटरचं. एका घराण्याच्या शिकारीच्या हौसेपायी झाडं वाचली याचं मला आधी विचित्र वाटलं. पण ताईचं म्हणणं असं की रान कोणत्या कारणानं राखलं यापेक्षा ते राखलं गेलं याला जास्त किंमत आहे, कारण किनाऱ्याला लागून असलेलं असं सलग जंगल उत्तर कोकणात फार थोडं शिल्लक आहे. रविवारी मुरूडच्या बाजूला गारंबीच्या धरणावर गेल्यावर मला तिचं म्हणणं अधिक पटलं, ते पुढे येईलच.

गावात घरगुती सोय झाली. ज्यांच्याकडे उतरलो ते काका वनखात्याच्या कामावर वर्षानुवर्षं जात आले आहेत. वणवा अडवायला जाळरेषा काढायची, पाणवठे साफ करायचे, पाहुण्यांना वाट दाखवायची. संध्याकाळी त्यांच्या सुनेनं विचारलं, "पोपटी खाल ना?" आणि आमच्या उत्तराची वाट न बघता मुलं भांबुर्डीचा पाला आणायला पळालीसुद्धा.

रायगडात थंडी पडली आणि वाल तयार झाला की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, पुन्हा शेंगा. तोंड पाल्यानंच गच्च बंद करायचं. मग मडकं खाचरात उपडं ठेवून भोवती पेंढा, काटक्या, वाळका पाला रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं. अर्ध्या तासानं काकांनी हातानं पाणी शिंपडून मडक्याचा चर्र आवाज ऐकला आणि "झाली" म्हणाले. मडकं उघडलं तेव्हा आलेला भांबुर्डीचा तो उग्र, थोडा कापरासारखा वास मी कोणत्याही हॉटेलात घेतलेला नाही. भांबुर्डी हे शेताच्या बांधावर आपोआप उगवणारं तण. विकत मिळत नाही, लावावं लागत नाही. वालाच्या शेंगा मऊ, धुरकट, गोडसर. पानात तांदळाची भाकरी होती, तिला कुणी हात लावला नाही.

शनिवार

सहा वाजता उठलो. फाटकावर नोंद केली, प्रवेशाचे पैसे भरले. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. बोलायचं हळू आणि थांबा म्हटलं की जागच्या जागी थांबायचं.

सुरुवातीचा पट्टा सागाचा आणि निलगिरीचा, लावलेला. सगळी झाडं एका वयाची, एका रांगेत, खाली मोकळं. चालायला सोपं, पण पक्ष्यांचे आवाज नाहीत. पुढे एक सुका ओहोळ ओलांडला आणि चढ लागला. तिथून खरं रान सुरू झालं ते डोळ्यांआधी कानांना कळलं. टकाचोराची घोगरी हाक, कुठेतरी रानकोंबडा, आणि भृंगराज कोतवाल दुसऱ्याच पक्ष्यांचे आवाज काढत फिरतोय. शेपटीच्या दोन लांब तारांच्या टोकाला पिसाचे तुकडे असतात त्याच्या. उडताना मागून दोन भुंगे पाठलाग करताहेत असं वाटतं.

ताई वाटेत प्रत्येक खोडाला हात लावत होती. ऐनाची साल ओळखायला मला लगेच जमलं, मगरीच्या पाठीसारखे चौकोन पडलेले असतात. किंजळ, जांभूळ, कुंभा, गेळ. मधेच अंजनीची गर्द, चकचकीत पानांची झाडं. अंजनी वर्षभर हिरवी असते, उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्या फांद्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके लागतात, थेट लाकडाला चिकटून. आत्ता फुलं नव्हती. ताईनं एका फांदीवर बारीक उठलेले फुगवटे दाखवले, कळ्यांची तयारी. आत्ता फुलली होती ती धायटी, उघड्या उतारावर तांबडी, आणि तिच्यावर सूर्यपक्ष्यांची नुसती गर्दी.

वाटेवर आडव्या पसरलेल्या कोळ्यांच्या जाळ्यांखालून वाकून जावं लागत होतं. तळहाताएवढी मादी मधोमध बसलेली आणि जाळ्याचा धागा उन्हात सोनेरी. काका पुढे होते. त्यांनी एकही जाळं तोडलं नाही, प्रत्येक ठिकाणी वाट सोडून वळसा घेतला.

मग गारंबीचा वेल आला.

वेल म्हटल्यावर मनात येतं तसं ते काही नव्हतं. माणसाच्या मांडीएवढं जाड, पिळदार लाकूड जमिनीवरून सरपटत येऊन एका आंब्यावर चढलं होतं, तिथून दुसऱ्या झाडावर, तिथून तिसऱ्यावर. सुरुवात कुठली आणि शेंडा कुठे हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. वर लोंबत होत्या त्याच्या शेंगा, एकेक मीटरभर लांब, चपट्या, प्रत्येक बीसाठी फुगीर कप्पा. जगातल्या सर्वांत मोठ्या शेंगांमध्ये या वेलाची गणती होते. खाली पडलेल्या एका वाळक्या शेंगेचे कप्पे सुटे झाले होते आणि आत तपकिरी, गुळगुळीत, तळव्यात भरेल एवढी बी.

"माझ्या टेबलावर ठेवलेली ओळखलीस?" ताई म्हणाली.

ती बी तिला श्रीवर्धनच्या पुळणीवर सापडली होती. मला ती नेहमी गुळगुळीत दगडच वाटायची. या बीच्या आत पोकळी असते, म्हणून ती तरंगते. पावसाळ्यात ओहोळ फुगले की कप्पे वाहत खाडीला लागतात, खाडीतून समुद्रात, आणि कवच इतकं कठीण की महिनोन्‌महिने खाऱ्या पाण्यात राहूनही आतला अंकुर जिवंत राहू शकतो. समुद्र ओलांडून परक्या किनाऱ्यांवर या जातीच्या बिया पोचल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे काशिदच्या वाळूत बसून आपण ज्या समुद्राकडे बघतो, त्यात हे रान दर पावसाळ्यात आपलं बियाणं सोडत असतं. बी मी परत पाल्यात ठेवली. अभयारण्यातून काही उचलायचं नसतं.

"ताई, वर बगा. हलू नका."

आवाज आधी आला, खर्र खर्र, मग ठणठणीत टक-टक-टक. शेकरू! उंचावर जांभळाच्या दुबेळक्यात, पाठ गर्द तांबूस, पोट पिवळसर, आणि शेपूट शरीराहून लांब, खाली सोडलेलं. महाराष्ट्राचा राज्यप्राणी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते, आणि तो आमच्यावर रागावलेला होता. भीमाशंकरचं अभयारण्य मुख्यतः याच्यासाठी झालं हे शाळेत शिकले होते. पण तो सह्याद्रीच्या माथ्यावरचा प्राणी अशी माझी समजूत होती. इथे समुद्र हाकेच्या अंतरावर आणि शेकरू डोक्यावर.

एकाच शेकरूची आसपास बरीच घरटी असतात, काटक्या-पानांचे मोठे गोळे, बारीक फांद्यांच्या टोकाशी, जिथे वजनदार शत्रूला पोचता येणार नाही. आम्हाला एकाच जागेवरून तीन दिसली. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. या झाडावरून त्या झाडावर पंधरा-वीस फुटांची झेप घेतो, तेवढ्याच अंतरात पुढची फांदी हवी. त्यामुळे त्याला नुसती झाडं पुरत नाहीत, एकमेकांना लागलेली झाडं लागतात. हे ताई बोलत असतानाच काका पुढे गेले आणि एका मोकळ्या जागेकडे बोट करून म्हणाले, "वादळातलं."

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ. मुरूड, श्रीवर्धन, अलिबाग या सगळ्या पट्ट्यात घरांचे पत्रे, पोफळीच्या आणि नारळाच्या बागा, विजेचे खांब, काही राहिलं नाही. ते आम्ही बातम्यांत पाहिलं होतं. रानात काय झालं ते कोण दाखवणार? काकांच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या दिवशी ते कोयता घेऊन आत शिरले तेव्हा ओळखीची वाट त्यांना सापडत नव्हती. समोरचा मोठा ऐन मुळांसकट उपटलेला अजून तसाच आडवा आहे. त्याच्या खोडावर अळंब्या, खाली वाळवीचं वारूळ, आणि वर जे छत फाटलं त्यातून उतरलेल्या उन्हात पुरुषभर उंचीची कोवळी झाडं, एकमेकांत घुसून वर चढणारी. ताई तिथे गुडघ्यावर बसून रोपं मोजत राहिली. वादळानं पडलेलं झाड रानातच पडू द्यावं, उचलून नेऊ नये, हे मी तिच्याकडून पूर्वी ऐकलं होतं. का, ते इथे दिसलं. त्या एका खोडावर किती जणांचं घर चालू होतं! आणि छताचं ते भोक भरेपर्यंत शेकरूला वळसा घेऊनच जावं लागणार हेही दिसलं.

दहाच्या सुमारास चिखलगाण. पाणी बारा महिने राहतं अशा जागांना इथे गाण म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावं आहेत आणि या रानाचा सगळा व्यवहार त्यांच्यावर चालतो. कोकणात पाऊस चार महिने कोसळतो आणि उतारावरून समुद्रात निघून जातो. मेमध्ये गावच्या विहिरी तळ दाखवतात. रानात मात्र मुळांनी आणि पाल्याच्या थरानं धरून ठेवलेलं पाणी मातीतून झिरपत सखल जागी येत राहतं. चिखलगाण पाहिलं तर फार मोठं नाही, झाडीत दडलेलं, कडेला दाट सावली. आम्ही आडोशाला बसलो.

तास-दीड तास बसलो असू. आधी काही नाही. मग एक एक येऊ लागलं. तुरेवाला सर्पगरुड समोरच्या फांदीवर येऊन बसला आणि हललाच नाही. शीळकरी कस्तुर दगडावर उतरला, निळा-काळा, पण गायला नाही. त्याची शीळ पावसाळ्याची. ओल्या चिखलावर ब्लू मॉरमॉन म्हणजेच निलवंत फुलपाखरं मातीतले क्षार शोषत पंख उघडमीट करत होती. २०१५ साली हे आपलं राज्य फुलपाखरू झालं. हरियालांचा थवा पलीकडच्या उंबरावर होता. तेही राज्यपक्षी. एका सकाळी, एका रानात महाराष्ट्राची इतकी मानचिन्हं भेटली याचा मला फार आनंद झाला आणि तो मी ताईच्या कानात सांगितला. चिखलात सांबराचे खूर उमटलेले होते, त्यावर भेकराचे लहान, टोकदार. आणि त्या दोन्हींवरून, काकांनी काडीनं दाखवलेला, बिबट्याचा पंजा. ठसा ताजा नव्हता, कडा वाळलेल्या होत्या, तरी काही वेळ आम्ही तिघंही तिथून उठलो नाही.

पुढे झाडी संपून माळ लागला. वाळलं गवत गुडघाभर, आणि पश्चिमेकडून खारा वारा पुन्हा अंगावर आला. माळावर पाठ टेकून मी बराच वेळ आभाळ पाहिलं. मला गिधाडं हवी होती. फणसाडमध्ये ती होती, उंच झाडांवर घरटी करायची. वनखात्यानं त्यांच्यासाठी मेलेली जनावरं आणून टाकायची जागाही केली, कारण गावात आता ढोर मेलं तर ते पुरतात किंवा त्याच्या अंगात औषध असतं. डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक गिधाडांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. असं ढोर खाल्लं की काही दिवसांत पक्षी मरतो. नव्वदच्या दशकापासून देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली एखादी उरावी इतकी संपली. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं, पण गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, भर पडायला पिढ्या जाव्या लागतात. काका म्हणाले, त्यांच्या लहानपणी गावाबाहेर ढोर टाकलं की दुपारपर्यंत हाडं उरायची, "आभाळातून दगड पडल्यागत यायची खाली." आम्हाला घार दिसली, शिक्रा दिसला. गिधाड दिसलं नाही. याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

परतीची वाट उताराची, लवकर संपली. दुपारी वालाचं बिरडं, भात, सुकटीची चटणी. संध्याकाळी पाय दुखत होते म्हणून कुठे गेलो नाही.

रविवार

सकाळी काकांच्या मुलानं मोटारीनं मुरूडच्या बाजूला गारंबीला सोडलं. लोक पावसाळ्यात इथे धबधब्याखाली भिजायला येतात. जानेवारीत आम्ही दोघी आणि ओढ्यात कपडे धुणाऱ्या चार बायका. ओढ्याला पाणी होतं, स्वच्छ, घोट्याच्या वर. वर रानात जुनं दगडी धरण. सिद्दी अहमदखान नवाबांच्या काळातलं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीचं नाव दिलेलं. मुरूड गावाला प्यायचं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. १८८५ चा राजवाडाही याच नवाबांचा, मुरूडला शिरताना टेकडीवर दिसतो तो. प्रवासी त्याचे फोटो काढतात. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतलं जास्त मोलाचं बांधकाम इथे, झाडीत आहे.

कारण इथे उभं राहिलं की हिशोब स्पष्ट होतो. समोर खाऱ्या पाण्याचा समुद्र, त्याच्या कडेला गोड्या पाण्यावर जगणारं गाव, आणि ते गोडं पाणी द्यायला मागे डोंगरावरचं रान. रान उघडं पडलं तर धरणात पावसाळ्यात गाळ येईल आणि उन्हाळ्यात पाणी येणार नाही. शिकारीसाठी रान राखलं म्हणतात, पण नुसत्या शिकारीसाठी नसणार. पाण्याला तहानलेल्या किनाऱ्यावर राज्य करणाऱ्याला एवढं नक्की समजत असणार.

म्हणूनच येताना रस्त्याच्या डाव्या बाजूला जे पाहिलं त्यानं मी अस्वस्थ झाले. डोंगराचा पायथा तांबडा खरवडून काढलेला, त्यावर 'समुद्रदर्शनी प्लॉट' असे फलक. अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे ते, कायद्यात बसत असेलही. पण तिथे बंगले झाले की प्रत्येकाला बोअरवेल हवी, पोहण्याचा तलाव हवा, आणि ते पाणी याच डोंगराच्या पोटातून उपसलं जाणार. काशिदला दोन दिवस मजेत घालवणाऱ्या माणसाला आपण पितोय ते पाणी कुठून येतं हे ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. हे फलक लावणाऱ्यांना आणि त्यांना परवानगी देणाऱ्यांना एकदा मे महिन्यात चिखलगाणावर नेऊन बसवावं असं मला मनापासून वाटतं.

ओढ्याच्या काठी उक्षीचा वेल फुलू लागला होता, हिरवट-पिवळ्या झुपक्यांनी. उन्हाळ्यात रानातली माणसं या वेलाचं खोड कापून त्यातून ठिबकणारं पाणी पितात, हे काकांच्या मुलानं सांगितलं. ताईला ते माहीत होतं, तरी तिनं त्याला पूर्ण सांगू दिलं.

दुपारी मुरूडला जेवलो. सुरमई, सोलकढी, तांदळाची भाकरी. जंजिऱ्याला शिडाच्या होडीनं जायची ओढ होतीच, पण रविवारची रांग बघून राजपुरीला गेलोच नाही. तो किल्ला पुष्कळांनी पाहिला आहे, मीही पाहिला आहे.

अलिबागची एस.टी. सुटायला वेळ होता. ताईनं स्टँडवरच काकांना फोन लावला. अंजनी कधी फुलेल, हा तिचा प्रश्न. काका म्हणाले, शिमगा झाला की फोन करा, फुलं आली की सांगतो. तेव्हा बाकीचे ओहोळ आटलेले असतात, त्यामुळे जनावर गाणावर येतं, आणि बसायला पहाटेच जावं लागेल. ताईनं तिथल्या तिथे एप्रिलमधली कॉलेजची सुट्टी पाहिली, मी माझी रजा पाहिली, आणि दोघींसाठी जागा राखून ठेवायला सांगितलं.